पाण्याखाली नुसतं फिरायचे गेम: यात नक्की काय मजा, आणि साध्या लॅपटॉपवर कोणता चालेल?

सेकंड_शिफ्ट

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत माग चालवतो. आठ तास खडखडाट ऐकून घरी आल्यावर गोळीबाराचे गेम नको वाटतात. पाण्याखाली निवांत फिरायचे गेम असतात म्हणे. त्यात 'अब्झू' आणि 'सबनॉटिका' ही दोन नावं सारखी कानावर येतात. व्हिडिओ पाहिले, दिसायला झकास आहेत. पण शत्रू नाही, गुण नाहीत, हरणं नाही, मग माणूस त्यात करतो काय? पंधरा मिनिटांत कंटाळा येत नाही का? आणि सबनॉटिकाला अर्धे लोक 'शांत' म्हणतात, अर्धे म्हणतात घाम फुटतो. खरं काय?

लॅपटॉप साधा आहे. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. ज्यात नुसते हात दिसतात असे गेम खेळले की गरगरतं. सातवीतली मुलगीही खेळेल. वीज जाते-येते ते वेगळंच. कोणता घेऊ, आणि घेतल्यावर काय काय करावं लागेल?

कंबर_तलाव

आधी 'करतो काय' याचं उत्तर देतो, कारण ते कळलं की कोणता घ्यायचा हेही कळतं.

अब्झू २०१६ च्या ऑगस्टमध्ये आला. जायंट स्क्विड नावाच्या छोट्या स्टुडिओचा गेम, आणि त्याचा दिग्दर्शक मॅट नावा हा आधी 'जर्नी' या गेमचा कला-दिग्दर्शक होता. एक पाणबुड्या आहे, त्याला पोहायला लावायचं, बस. ऑक्सिजनचा काटा नाही, जीव संपत नाही, नकाशा नाही, स्क्रीनच्या कोपऱ्यात एकही आकडा नाही. मध्येमध्ये साखळ्या ओढून दरवाजे उघडायचे, छोटी यंत्रं जागी करून सोबत घ्यायची, लपलेल्या कुंडांतून नवे मासे मोकळे सोडायचे, शिंपले शोधायचे. हे सगळं वगळून नुसतं पोहत राहिलात तरी कोणी हटकत नाही. काही ठिकाणी शार्कच्या आकाराचे दगडी पुतळे आहेत. त्यावर पाणबुड्याला मांडी घालून बसवलं की कॅमेरा माशांकडे वळतो, माशाचं नाव खाली येतं, आणि तुम्ही एका माशावरून दुसऱ्यावर जात बसता. कंटाळ्याचं म्हणाल तर बहुतेकांचा सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

निवांतपणा पाण्यामुळे येतो असं लोक समजतात. मला ते अर्धंच पटतं. पाण्याचे भीतिदायक गेम कमी नाहीत. निवांतपणा गेमच्या रचनेत असतो.

एक, चुकीला शिक्षा नाही. अब्झूत त्रिकोणी सुरुंगांसारखी यंत्रं लागतात, त्यांना धडकलात तर शॉक बसतो, पण मरण येत नाही आणि मागे जाऊन तोच तुकडा पुन्हा खेळावा लागत नाही. 'पुन्हा तेच करायला लागेल' ही धास्ती गेली की खांदे सैल पडतात. दोन, हालचाल. जमिनीवरच्या गेममध्ये पळताना कुठे थांबायचं, कुठे उडी मारायची हे सतत ठरवावं लागतं. इथे बटण सोडलं तरी शरीर थोडं पुढे सरकत राहतं आणि हळूहळू थांबतं. वर, खाली, आडवं, सगळीकडे रस्ता मोकळा, त्यामुळे घाईने निर्णय घ्यायची वेळच येत नाही.

तीन, मासे, आणि यात खरी कारागिरी आहे. संगणकावर थवा कसा हलवायचा याची रीत क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ साली मांडली. प्रत्येक माशाला तीनच नियम: शेजाऱ्याला धडकू नको, शेजारी ज्या दिशेने चाललाय तिकडे तोंड ठेव, घोळक्याच्या मध्याकडे सरकत राहा. एवढ्यावर हजारो मासे कोणी न शिकवता एकत्र वळतात, फुटतात, परत जुळतात. अब्झूतले थवे याच जातीचे. तुम्ही मधून गेलात तर फट पडते आणि मागे भरून येते. डोळा त्यात नमुना शोधत राहतो, पण तोच नमुना दोनदा येत नाही. शिवाय या माशांना हाडांचा सांगाडा देऊन हलवलेलं नाही. माशाचा आकार लाटेसारखा वाकवण्याचं काम थेट ग्राफिक्स चिपकडे दिलंय, म्हणून इतके मासे एकदम दाखवणं झेपतं.

चार, आवाज. तुमच्या बाबतीत मी तो पहिला धरला असता. पाण्याखालचं वाटावं म्हणून हे गेम वरच्या पट्टीचे, टोकदार आवाज कापून टाकतात. उरते ती घरघर, बुडबुडे आणि दूरचा घुमारा. मागाच्या आवाजात जे टोचतं, तोच भाग इथे गायब असतो. अब्झूचं संगीत ऑस्टिन विंटरीचं आहे, त्यात ओबो नावाचं वाद्य पुढे आहे. आपल्या सनईसारखीच दुहेरी पत्तीची फुंक असते त्याला, फक्त सूर मऊ.

यात एक अडचण आहे. लॅपटॉपच्या बारक्या स्पीकरला खालच्या पट्टीचा आवाज जवळजवळ काढताच येत नाही, आणि या गेममध्ये आवाज सगळा तिथेच. म्हणजे स्पीकरवर खेळलात तर निम्मा गेम ऐकूच येणार नाही. हेडफोन लावा. पण शिफ्टहून आल्यावर कान काही तास बधिर असतात, तेव्हा कमी ऐकू येतं म्हणून माणूस आवाज वाढवत जातो, आणि आधीच दमलेल्या कानांवर आणखी मार बसतो. उपाय सोपा: सुट्टीच्या दिवशी सकाळी, कान ताजे असताना, आवाज जुळवा. तो आकडा लक्षात ठेवा आणि शिफ्टनंतर त्याच्यावर जाऊ नका. मंद वाटला तर मंदच राहू द्या.

तोटा एकच. अब्झू दोनेक तासांत संपतो. संपल्यावर हवा तो चॅप्टर निवडून पुन्हा जाता येतं, पण ज्याला रोज नवं काही लागतं त्याला तो महागात पडेल.

रीपर_पासून_लांब

कंबर_तलावांचं उत्तर चांगलं आहे, पण 'शिक्षा नाही म्हणून निवांत' हे मला मान्य नाही. काहीच पणाला नसेल तर तिसऱ्या दिवशी हात आपोआप मोबाइलकडे जातो. सबनॉटिका लोक वर्षानुवर्षं खेळतात, ते त्यातल्या ऑक्सिजनच्या काट्यामुळे. खाली जायचं, थोडं गोळा करायचं, वर यायचं, श्वास घ्यायचा, परत खाली. त्याला एक लय आहे. कामाचं ओझं नाही, पण हाताला काम आहे.

तुमचा प्रश्न होता शांत की घाम फोडणारा. दोन्ही. कुठे जाता यावर ठरतं. सुरुवातीचा उथळ भाग, त्याच्या शेजारचं उंच वेलींचं जंगल आणि थोडी लाल गवताची पठारं एवढ्यातच राहिलात तर वीसेक तास निवांत जातात. किरकोळ चावरे मासे सोडले तर त्रास नाही. खोल गेलं की पाणी गढूळ होतं, दिसणं कमी होतं, लांबून आवाज येतो आणि तिथून पुढे निवांतपणा संपला. कोसळलेल्या ऑरोरा या अंतराळजहाजाच्या आसपास रीपर नावाचे महाकाय शिकारी प्राणी फिरतात. जहाज मोठं आणि जवळ दिसतं म्हणून नवे लोक पहिल्या तासात तिकडेच पोहत सुटतात, आणि 'हा गेम भीतीचा आहे' असं लिहून मोकळे होतात.

मोड सुरुवातीलाच निवडायचा असतो. सर्व्हायव्हलमध्ये भूक, तहान, ऑक्सिजन, जीव, सगळं. फ्रीडममध्ये भूक आणि तहान नाही, बाकी तसंच. हार्डकोअरमध्ये मेलात की सगळं गेलं, त्याच्या वाटेला जाऊ नका. क्रिएटिव्हमध्ये ऑक्सिजनची चिंता नाही, मरण नाही, वाहनं आणि बांधकाम हवं तेवढं, पण कथाही नाही. तुम्हाला फ्रीडम. मुलीला घर बांधायची हौस असेल तर तिला वेगळ्या सेव्हमध्ये क्रिएटिव्ह.

पहिल्या तासाचा क्रम देतो, याने निम्मी घाबरगुंडी जाते.

लाइफपॉडमधून, म्हणजे सुरुवातीला ज्यात असता त्या जीवरक्षक कुपीतून, उतरलात की समुद्राच्या तळाशी धातूचं भंगार दिसेल, ते उचला. एका तुकड्यातून ४ टायटॅनियम निघतात. ३ टायटॅनियमची साधी ऑक्सिजन टाकी होते, तीच पहिली बनवा. टाकीशिवाय तुमच्याकडे ४५ सेकंद असतात, टाकीने ७५ होतात. ऐकायला फरक लहान आहे, पण खेळताना गेमच बदलतो. मग वेलींच्या जंगलात पिवळ्या चमकणाऱ्या बियांचा घोस घ्या. एका घोसातून सिलिकॉन रबरचे २ नग मिळतात आणि २ नगांत पायाचे पंख तयार. त्यानंतर २ आम्ल-भूछत्रं आणि १ तांबं यांची बॅटरी, बॅटरी आणि १ टायटॅनियमचा स्कॅनर. तांबं चुनखडीच्या ढेकळांतून निघतं, कधी तांबं तर कधी टायटॅनियम, म्हणून चार-पाच फोडा. आम्ल-भूछत्रं जांभळट असतात आणि उथळ भागात कुठेही सापडतात.

हे झालं की सीग्लाइडचे तुकडे शोधून स्कॅन करा. हातात धरून ओढत नेणारं यंत्र आहे ते, वेग वाढतो, आणि वेग म्हणजेच ऑक्सिजन.

ऑक्सिजन कुठे फसतो ते सांगतो. लोक ३० सेकंदांचा इशारा येईपर्यंत खाली रेंगाळतात. वर यायला लागणारा वेळ खोलीवर असतो, इशाऱ्यावर नाही. निम्मा काटा उरला की परत फिरायचं, गुहेत शिरलात तर त्याही आधी, कारण गुहेत 'वर' म्हणजे पृष्ठभाग नसतो, छत असतं. उथळ भागात मेंदूच्या आकाराचं प्रवाळ आहे. त्यातून मोठे बुडबुडे सुटतात, त्यांत तोंड घातलं की काटा भरतो. १०० मीटरखाली रीब्रीदर (हवा जपणारा मुखवटा) नसेल तर हवा जास्त वेगाने संपते. काटा बिघडला असं वाटून लोक गोंधळतात, पण तो नियम आहे.

घर बांधताना काचा मोह पाडतात. तिथेही हिशेब आहे. बांधकामाची मजबुती १० पासून सुरू होते. पायाचा चौथरा २ ने वाढवतो, भिंतीची मजबुती देणारी पत्री ७ ने. खोली, दार, खिडकी, काचेची नळी, प्रत्येक जोडणी ती खाली आणते, आणि जितकं खोल बांधाल तितकी जास्त खाते. शून्याखाली गेली की भिंत फुटून पाणी आत. म्हणून पहिलं घर २० मीटरच्या आत बांधा. तिथे ऊन पोहोचतं, सौर पॅनेल चालतं, आणि खिडकीबाहेर मासेही भरपूर असतात. शिफ्टनंतरच्या तासाला एवढं घर पुरतं. बाकी समुद्र आहे तिथेच आहे.

वीज जाते म्हणालात म्हणून शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं: संगणकावर सबनॉटिका स्वतःहून सेव्ह करत नाही. मेनू उघडून सेव्ह दाबलं तरच. लाइफपॉडमध्ये किंवा घरात पाऊल टाकलं की सेव्ह, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. अब्झूत हा प्रश्न नाही, तो आपोआप जपतो.

कंबर_तलाव

रीपर भाऊ, लय मान्य. पण शिफ्ट करून आलेल्या माणसाला तुम्ही निम्मा काटा, छताची गुहा आणि मजबुतीचा हिशेब सांगताय. मागावर दिवसभर तेच चालतं: काटा बघ, धागा बघ, तुटायच्या आत थांबव. ज्याच्या कामात लक्ष द्यायचं ओझं आहे, त्याला पहिला महिना बिनकाट्याचा गेमच द्यावा. सबनॉटिका सुट्टीच्या दुपारचा.

साइन_वेव्ह

तुमचं भांडण चालू द्या. मी मशीनचं बोलतो, कारण एप्रिल-मेच्या सोलापुरात आधी लॅपटॉप बुडतो, माणूस नंतर.

आठव्या पिढीच्या आय-फाइव्हमध्ये बहुतेक यूएचडी ६२० ग्राफिक्स असतं. सबनॉटिकाची किमान अपेक्षा इंटेल एचडी ४६०० ची आहे, म्हणजे कागदावर तुमचा लॅपटॉप बसतो. प्रत्यक्षात १२८० × ७२० रिझोल्यूशन आणि सगळं 'लो' ठेवूनही नव्या भागात शिरताना अडखळेल. डिस्कवर २० जीबी जागा हवी, आणि जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर अडखळणं दुप्पट, एसएसडीवर बरंच कमी. अब्झूची किमान अपेक्षा तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची आहे, त्यामुळे तो या मशीनवर कितपत चालेल ते खेळूनच कळेल. तिथेही रिझोल्यूशन आधी ७२० वर आणा, सावल्या सर्वांत खाली, मोशन ब्लर (हलताना चित्र धूसर करणारी सेटिंग) दिसला तर बंद.

आता करायच्या गोष्टी, यांना पैसे लागत नाहीत.

लॅपटॉप पलंगावर चादरीवर ठेवून खेळू नका. आपली चादर जाड आणि मऊ, लॅपटॉपच्या बुडाशी असलेल्या जाळीत ती बरोबर बसते आणि हवा आत जाणं बंद. लाकडी पाट किंवा टेबल घ्या, आणि मागच्या बाजूला दोन-तीन सेंटीमीटरचा आधार द्या, जुनी पुस्तकं चालतील. खोलीतच ४० अंश असेल तर पंखा तीच गरम हवा आत ओढणार, त्यामुळे उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत किंवा रात्री दहानंतर खेळा. कूलरच्या अगदी तोंडासमोर मात्र ठेवू नका, ओलसर हवा आणि तुषार दोन्ही आत जातात.

सगळ्यात उपयोगी युक्ती: विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघडा, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटमध्ये कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा. एका टक्क्याचा प्रश्न नाही. ९९ केलं की प्रोसेसरची टर्बो धाव बंद होते, तापमान चांगलंच उतरतं, आणि वाचलेली वीज त्याच चिपवरच्या ग्राफिक्सला मिळते. असे गेम प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्सवर अडतात, म्हणून वेग कमी न होता बऱ्याचदा स्थिर होतो. सोबत फ्रेमची, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची, मर्यादा ३० वर बांधा. ४५ वरून २२ वर, परत ४० वर अशी उडी मारणाऱ्या गेमपेक्षा स्थिर ३० डोळ्याला सुसह्य. हळू हालचालीच्या गेमला ३० पुरतात.

तुमच्या व्यवसायाचा एक खास त्रास. कपड्यांवरून, पिशवीवरून कापसाचे तंतू घरी येतात आणि पंख्याच्या जाळीमागे, तांब्याच्या पट्ट्यांवर त्यांचा नमदा बसतो. बाहेरून जाळी स्वच्छ दिसते, आत हवा बंद. लक्षण असं: पहिली दहा मिनिटं गेम नीट, मग पंखा किंचाळतो आणि फ्रेम निम्म्यावर. तोंडाने फुंकू नका, नमदा आणखी आत बसतो. तळाचं झाकण उघडून पंखा बोटाने धरून ठेवा, मऊ ब्रशने नमदा बाहेर ओढा. पंखा न धरता हवेचा झोत मारला तर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. वर्षातून दोनदा पुरे.

विजेचं. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे, त्यामुळे बंद पडणार नाही, पण वीज गेल्याक्षणी तो बचतीच्या मोडमध्ये जातो आणि गेम अचानक जड होतो. गेम बिघडला समजू नका. घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर चार्जर गुणगुणतो आणि तापतो, चालतो तरी. शुद्ध साइन वेव्ह असेल तर प्रश्न नाही. राउटर बंद पडला तरी दोन्ही गेम चालतात, फक्त स्टीम (गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं ॲप) आधी एकदा ऑनलाइन उघडून ऑफलाइन मोडची खात्री करून ठेवा.

आणि स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत, २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. पहिल्या अर्ध्या तासात मशीन झेपतंय का बघा. नाही झेपलं तर परत. सेटिंगशी झगडण्यात दोन तास घालवलेत तर ते दोन तासही मोजले जातात.

शिंपला_३१

मुलीसाठी तिसरं नाव सुचवते, 'बियाँड ब्लू', २०२० चा. बीबीसीच्या सागरी मालिकेच्या लोकांशी जोडून केलेला आहे. मिराई नावाची शास्त्रज्ञ स्पर्म व्हेलच्या कुटुंबामागे फिरते, जवळ जाऊन प्राणी स्कॅन करायचे, आवाज कुठून येतोय ते शोधायचं. काटा नाही, मरण नाही. सोबत खऱ्या सागरशास्त्रज्ञांच्या १६ छोट्या चित्रफिती आहेत. माझ्या मते गेमपेक्षा त्याच जास्त चांगल्या, सातवीतल्या मुलीला विज्ञानाच्या पुस्तकाला पुरवणी होईल. तीनेक तासांत कथा संपते. बोलणं सगळं इंग्रजीत, मराठी नाही, त्यामुळे सुरुवातीला शेजारी बसा. अब्झूत संवादच नाहीत, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

मुलांना दाखवताना एक गोष्ट सांगून टाकावी. खऱ्या समुद्रात दहाएक मीटरवरच लाल रंग जवळजवळ नाहीसा होतो, कारण पाणी लाल प्रकाश आधी शोषतं आणि निळा खोलवर जातो. अब्झू हे मुद्दाम पाळत नाही, खोलातही केशरी-गुलाबी मासे झगझगीत दिसतात. देखणं आहे, पण खोटं. आणि त्यातल्या काही भागांत कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेले सागरी सरपटणारे आजच्या माशांच्या गेममध्येच भेटतात. मुलीने विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

निन्टेन्डो स्विच असलेल्यांसाठी 'एंडलेस ओशन ल्युमिनस' आहे, २०२४ चा. पाचशेहून जास्त जीव, ऑनलाइन तीस जण एकत्र डुबकी मारू शकतात, आणि दर डुबकीला समुद्राचा नकाशा नवा. पण कथेचा पुढचा भाग उघडायला अमुक इतके जीव स्कॅन करा अशी अट घातली आहे, आणि मग निवांत फिरणं सोडून माणूस मोजणी करत सुटतो. केवळ त्यासाठी स्विच घेऊ नका.

नळाला रोज पाणी नसलेल्या गावात आपण सगळे समुद्रावर एवढं लिहितोय, हेही बघा.

सेकंड_शिफ्ट

सगळ्यांचे आभार. ठरलं, आधी अब्झू, मग सेलमध्ये सबनॉटिका. पण गरगरण्याचं कोणीच नीट सांगितलं नाही. आणि कंट्रोलर लागतोच का?

रीपर_पासून_लांब

गरगरणं डोळे आणि कानातला तोल यांच्या भांडणातून येतं. डोळे म्हणतात शरीर हलतंय, आतला कान म्हणतो नाही. पाण्याच्या गेममध्ये वर-खालीही हलता येतं म्हणून काहींना जास्त होतं. अब्झूत पाणबुड्या पूर्ण दिसतो, त्यामुळे नजरेला धरायला एक स्थिर जागा मिळते आणि त्रास कमी होतो. सबनॉटिकात नुसते हात. तिथे सेटिंगमध्ये दृश्याचा कोन, म्हणजे एफओव्ही, मूळ ६० वर असतो, तो ७५ ते ८० करा. बऱ्याच जणांना मळमळ त्या ६० मुळेही होते. मोशन ब्लर बंद. खोलीत दिवा लावा, अंधारात खेळायची हौस महागात पडते. स्क्रीनपासून हातभर तरी लांब बसा. जांभया, तोंडाला पाणी, कपाळाला घाम यातलं पहिलं चिन्ह दिसलं की लगेच थांबा. 'आणखी पाच मिनिटं' रेटलीत तर तासभर डोकं धरून बसाल. पहिले काही दिवस वीस मिनिटंच.

कंबर_तलाव

कंट्रोलर सक्तीचा नाही, पण अब्झूसाठी घ्याच. ट्रिगर (मागचं बटण) दाबून धरला की पोहणं आणि अंगठ्याखालच्या काठीने दिशा, हे बोटांना माऊसपेक्षा फार सोपं. यूएसबी वायरचा एक्सबॉक्स पद्धतीचा साधा कंट्रोलर चालतो. स्टीम तो लगेच ओळखतो, सेल टाकायची कटकट नाही. काठी वर केली की पाणबुड्या खाली जातो असं झालं तर सेटिंगमध्ये उभी दिशा उलटी करायचा पर्याय आहे, पहिल्या मिनिटात तो ठरवून टाका. मुलीला एक सवय आणि तुम्हाला दुसरी असेल तर दर वेळी बदलावा लागेल, तेवढं सहन करा.

आणि अब्झूत एक-दोन ठिकाणी दचकायला होतं, आधीच सांगून ठेवतो. शार्क आहे. तुम्हाला काही होत नाही.

सेकंड_शिफ्ट

झालं. टास्क मॅनेजरमध्ये बघितलं, रॅमच्या दोनपैकी एकच स्लॉट भरलेला दाखवतोय. दुसरी पट्टी टाकली तर फरक पडेल का?

साइन_वेव्ह

पडेल, आणि तुमच्या बाबतीत कंट्रोलरच्या आधी तीच घ्या. वेगळं कार्ड नसलं की ग्राफिक्स रॅमच वापरतं. एक पट्टी असेल तर रस्ता एकेरी, दोन असतील तर दुहेरी. प्रोसेसर तोच राहूनही फ्रेम स्पष्ट वाढतात. लॅपटॉपची डीडीआर४ पट्टी मागा, डेस्कटॉपची लांब पट्टी बसणार नाही. वेग त्याच मेमरीच्या पानावर दिसेल, बहुधा २४००. जास्त वेगाची आणलीत तरी दोन्ही कमी वेगावरच चालतील, तेव्हा जादा पैसे देऊ नका. आधीची ८ ची असेल तर ८ चीच जोडा.

लावताना लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला, झाकण उघडल्यावर आधी बॅटरीची तार सोडवायची. पट्टीची खाच आणि स्लॉटची खाच जुळवून तिरकी, साधारण ३० अंशात आत सरकवा, सोनेरी टोकं जवळपास दिसेनाशी होईपर्यंत. मग वरून दाबा, दोन्ही बाजूंच्या क्लिपा 'टक' करून बसतात. एकाच बाजूची बसली तर स्क्रीन काळी राहते आणि लोक घाबरून दुकानात पळतात. परत काढून नीट बसवा. पहिल्यांदा सुरू व्हायला नेहमीपेक्षा वेळ लागतो, मिनिटभर थांबा.